चकतीवरचे घोडे नुसते फिरतात, धावत नाहीत

सारंगखेड्याच्या यात्रेतल्या स्टॉलसाठी पी-फाइव्हमध्ये (कोड लिहून चित्रं हलवायचं साधन, p5.js) बारा घोड्यांची, म्हणजे धावण्याच्या बारा टप्प्यांची, चकती केली, पण घोडे गरागरा फिरतात, धावत नाहीत, असं एकाने विचारलंय. भाऊ, चित्रं बदलू नका. चकती सलग फिरवताय, तिथे घोळ आहे.

बेल्जियन शास्त्रज्ञ जोसेफ प्लॅटोच्या १८३२ च्या हलत्या चित्रांच्या चकतीला कडेला खाचा होत्या. खाचेतून क्षणभरच दिसायचं, मधलं सरकणं काळ्या पुठ्ठ्याआड जायचं. स्क्रीनवर खाच नाही, म्हणून उडी कोडनेच मारायची: फ्रेमरेट १२ (सेकंदाला १२ चित्रं) आणि दर फ्रेमला नेमके ३० अंश. दोन-दोन अंशांनी फिरवलं की डोळा चकतीमागेच धावतो.

अँगलमोड (कोन मोजायचं एकक) डिग्रीजवर, म्हणजे अंशांवर, ठेवा. नाहीतर ३० हे रेडियन धरले जातात, म्हणजे सुमारे २७९ अंश, आणि पायांचा क्रम पार विस्कटतो. ट्रान्सलेट (केंद्र चकतीच्या मध्यावर नेणं) आधी, रोटेट (फिरवणं) नंतर. घोडा मागे पळाला तर उणे ३० करा.

खरी गंमत आकडा बिघडवण्यात आहे. पाय काढायच्या सूत्रात आणि घोड्यांच्या मांडणीत १२ ऐवजी १३ ने भागा (म्हणजे १३ घोडे), उडी मात्र ३० अंशांचीच ठेवा. आता घोडा पाय हलवत दर फ्रेमला सुमारे २.३ अंश पुढे, चकती फिरते त्याच दिशेला सरकेल. तोंड उलट्या दिशेला असेल तर ११ घोडे घ्या.

चौखूर धावताना चारही पाय हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. पुढे-मागे ताणलेले नव्हे. छायाचित्रकार माईब्रिजच्या धावत्या घोड्याच्या १८७८ च्या फोटोंत हे स्पष्ट दिसतं, तरी जुन्या चित्रांची सवय सुटत नाही.

छापायची असेल तर जाड पुठ्ठा, २० सेंटिमीटर व्यास, कडेला ३ मिलिमीटर रुंदीच्या १२ खाचा, मागची बाजू काळी. चित्रं आरशाकडे करून मागून खाचेतून बघायचं. खाच रुंद झाली की चित्र पुसट होतं, फार अरुंद झाली की अंधार.

छापलेली चकती मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दाखवायची तर खाचा नकोत, कॅमेराच ते काम करतो. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओला १२ चित्रांची चकती मिनिटाला १५० फेरे फिरायला हवी. शटर १/१००० सेकंद ठेवा. १/६० ला चित्र अर्धा खण (दोन चित्रांमधलं निम्मं अंतर) सरकतं आणि नुसता पट्टा दिसतो. एवढ्या शटरला भरपूर उजेड लागतो. काही एलईडी दिव्यांखाली काळे पट्टेही येतात, त्यामुळे स्टॉलच्या आत नको, बाहेर उन्हात मांडा.