सगळी बचत शेणखतात घालू का?

प्रश्न : नारायणगावजवळ दोन एकर टोमॅटो करतो. जमीन कडक झालीय, पाणी मुरत नाही. यंदा रासायनिक खत पूर्ण बंद करून शेणखतावर यायचा विचार आहे. ३ टनांची ट्रॉली ७ हजारांना पडते. शिल्लक १ लाख २० हजार आहे. घालू का?

उत्तर : जमिनीसाठी पैसे काढायची तुमची तयारी आहे, याचं मला फार समाधान वाटलं. पण सगळी शिल्लक एका हंगामात ओतू नका.

हिशेब मांडून बघू. संकरित टोमॅटोला शिफारस हेक्टरी ३०० किलो नत्राची (नायट्रोजनची), म्हणजे एकरी १२०. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का, टनाला ५ किलो. नुसत्या शेणखतावर भागवायचं तर दोन एकरांना ४८ टन लागेल. म्हणजे १६ ट्रॉल्या, १ लाख १२ हजार रुपये. उरलेल्या ८ हजारांत रोपं, मल्चिंग, बांबू, तार, तोडणीची मजुरी कशी बसवणार? शिवाय शेणखतातलं नत्र हळूहळू सुटतं, पहिल्याच पिकाला सगळं मिळत नाही. ऐन फुगवणीत झाड उपाशी राहिलं की माल बारीक पडतो. बाजारात क्रेटचा भाव ठरतो तो आकार आणि रंग बघून. सेंद्रिय म्हणून जादा भाव हवा तर प्रमाणपत्र लागतं, आणि त्याआधी हंगामी पिकाला किमान दोन वर्षं रूपांतराची, म्हणजे रसायनं न वापरता, काढावी लागतात. तेवढी वर्षं घर कशावर चालवणार?

माझ्या मते शेणखत हा विहीर किंवा ठिबकसारखा खर्च आहे, त्याचं फळ पुढची काही वर्षं मिळतं. तो दरवर्षी थोडा थोडा करा. यंदा एकरी दोन ट्रॉल्या, एकूण २८ हजार. खत पूर्ण कुजलेलंच घ्या, कच्च्या शेणखतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. लागवडीआधी दीड-दोन महिने रान रिकामं असेल तर हिरवळीच्या खतासाठी ताग पेरा आणि फुलावर येताच जमिनीत गाडा. बियाण्याच्या खर्चात एवढा सेंद्रिय माल दुसरीकडून मिळणार नाही.

आता रासायनिक खत. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, ती बंद करून काय वाचणार? तुम्ही पाठवलेल्या गेल्या हंगामाच्या बिलांत ४६ हजार गेलेत विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या खतांवर, तेही उधारीवर, माती न तपासता. कात्री तिथे लावा. तपासणीत स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) भरपूर निघालं तर तेवढे डोस सरळ कमी करा. नत्र जास्त झालं की झाड नुसतं माजतं, फूल-फळ मागे पडतं आणि फवारणीचा खर्च वाढतो, हे तुम्ही पाहिलंच असेल.

उधारी मोडायला बँकेतून किंवा गावच्या सहकारी सोसायटीतून पीक कर्ज घ्या. ३ लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फेडलं तर राज्याच्या सवलतीसह व्याज शून्यावर येतं. घरखर्चाचे ५० हजार वेगळे ठेवा, भाव पडला तरी त्यांना हात लावू नका.

ट्रॉली सांगण्याआधी मातीचा नमुना घ्या. बांधाजवळचा आणि उकिरड्याच्या जागेचा भाग सोडून आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्या, सगळी माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. सेंद्रिय कर्ब (मातीतल्या कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाचं माप) ०.५ टक्क्यांच्या खाली निघाला तर मला कळवा, पुढच्या वर्षीच्या ट्रॉल्यांचा हिशेब पुन्हा मांडू.