कर्मचारीच पॉझिटिव्ह आले तर रुग्णालय पुन्हा कसं उभं राहतं?

प्रश्न कोविडकाळातला आहे, म्हणून मुंबईचंच उदाहरण देतो. एप्रिल 2020 मध्ये मुंबई सेंट्रलच्या वोक्हार्ट रुग्णालयात 26 नर्स आणि 3 डॉक्टर बाधित निघाले. महापालिकेने ते प्रतिबंधित क्षेत्र जाहीर केलं. आतल्या रुग्णांच्या लागोपाठ दोन चाचण्या निगेटिव्ह येईपर्यंत कुणी आत-बाहेर करायचं नाही, असा आदेश होता.

अशा वेळी निर्जंतुकीकरण हा त्यातला सोपा भाग. खरी अडचण माणसांची. बऱ्याच नर्स परगावच्या, एकेका खोलीत चार-पाच जणी राहणाऱ्या. एकीला लागण झाली की सगळ्या क्वारंटाईन, म्हणजे अख्खी पाळी रिकामी! त्यामुळे वेगळं राहायला जागा हाच सगळ्यात मोठा आधार. ताजसारख्या हॉटेलांनी आरोग्य कर्मचाऱ्यांना खोल्या दिल्या, जेवणही पुरवलं. लोकल बंद होत्या. कल्याण-विरारकडून येणाऱ्यांचा भार बेस्ट आणि एसटीने उचलला. अत्यावश्यक सेवेसाठी लोकल सुरू झाल्या त्या थेट 15 जूनला.

केंद्राने 50 लाखांचा विमा दिला, पण तो मृत्यूनंतरचा. टाळ्या-थाळ्यांपेक्षा बरा, एवढंच म्हणेन. पीपीई किट वेळेवर मिळणं नर्सना त्याहून जास्त हवं होतं.