प्रकाशाने थरथर थांबेल?

प्रश्न : लांब, लवचिक पट्टीची थरथर नुसत्या प्रकाशाने थांबवता येते म्हणे. खरं का?

उत्तर : खरं आहे, आणि माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय तुम्ही काढलात!

आधी घरीच बघा. करवतीचं पातं एका टोकाला शिकंज्यात आवळा नि टिचकी मारा. वर येणाऱ्या पात्याला बोटाने हलकेच खाली रेटलं, की थरथर विरते. वेळ चुकली तर उलट वाढते. सगळी मेख या वेळेत आहे.

बोटाच्या जागी पीएलझेडटी नावाचं सिरॅमिक घ्या. अतिनील प्रकाश पडला की त्यात विद्युतदाब तयार होतो आणि त्या दाबानेच ते किंचित लांबतं. पात्याच्या दोन्ही अंगांना त्याच्या पातळ पट्ट्या चिकटवायच्या. पातं वर जाताना वरच्या पट्टीवर प्रकाश टाकायचा, खाली जाताना खालच्या; लांबणारी पट्टी पात्याला उलट बाजूला वाकवते, म्हणजे बोटाचंच काम करते. वायर नाही, विद्युतचुंबकीय गोंगाट नाही. अंतराळयानांसाठी हे मला मोलाचं वाटतं. हबल अंतराळ दुर्बिणीचे पहिले सौरपंख, म्हणजे वीज बनवणारे लांब सौरपट, सावलीतून उन्हात येताना थरथरत. १९९३ मध्ये ते बदलावे लागले.

अडचण एकच, पण मोठी : हे सिरॅमिक संथ आहे. झपाट्याच्या कंपनांमागे ते धावू शकत नाही.