जिवाणू लावले, मग गाठी का नाहीत?

निपाणीकडून एक प्रश्न आलाय: "सोयाबीनला रायझोबियम लावलं, पण उपटून बघितलं तर मुळांना जेमतेम चार गाठी. पाकीट खोटं होतं का?"

रायझोबियम म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र (नायट्रोजन) रोपाला देणारे जिवाणू. पाकिटाला बोल लावण्याआधी पेरणीच्या दिवशी काय काय केलं ते आठवा. बियाणं कंपनीचं, रंग चढवलेलं होतं का? म्हणजे त्याला बुरशीनाशक आधीच लावलेलं. त्यावर जिवाणू चोळले, तर त्यातले बरेच तिथंच मरतात. अशा बियाण्यासाठी एकरी २ किलो जिवाणू खत ओलसर, मुरलेल्या शेणखतात मिसळून सरळ काकरीत (पेरणीच्या ओळीत) टाकलेलं बरं. घरचं बियाणं असेल, तर आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि अगदी शेवटी जिवाणू. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट पुरतं. चिकटायला गुळाचं पाणी वापरा, पण थंड झालेलं. नंतर सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.

दुसरी शंका युरियाची. पेरताना पोतंभर युरिया दिला असेल, तर आयतं नत्र मिळालेलं रोप गाठी कशाला धरेल? गाठी बघायला पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी रोप खुरप्यानं मातीसकट काढा, उपटू नका. ओढलं की गाठी जमिनीतच राहतात. गाठ नखानं फोडा. आत लालसर-गुलाबी दिसली तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल, तर ती असून नसल्यासारखी.

आणि एक. सोयाबीनचं पाकीट मसुराला चालत नाही. दोन्हींचे रायझोबियम वेगळे. भातानंतर मसूर टाकणारे बेळगाव तालुक्यातले शेतकरी उरलेलं पाकीट जपून ठेवतात, ते कामाला येणार नाही. पाकीट घेताना पिकाचं नाव आणि मुदत बघा. कानडी वाचता येत नसेल, तर कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात वाचून घ्या.

रायबागच्या ऊसवाल्यांचा प्रश्न: "जिवाणू दिले तर युरिया बंद करू का?" नको. टिपऱ्यांसाठी (लावणीच्या उसाच्या कांड्यांसाठी) १०० लिटर पाण्यात १० किलो ॲसिटोबॅक्टर, म्हणजे उसाला हवेतलं नत्र देणारे जिवाणू, आणि सव्वा किलो स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू घ्या, त्यात टिपरी अर्धा तास बुडवा. हे हेक्टरी प्रमाण आहे. नत्र लगेच निम्म्यावर आणायची शिफारस ऐकाल. मी म्हणेन, पहिल्या वर्षी रानाच्या एका तुकड्यात नत्र पाव हिस्सा कमी करा, ऊस बघा, मग पुढचं ठरवा.

पण पाला जाळणाऱ्या रानात यातलं काहीच नीट चालणार नाही. सेंद्रिय कर्ब नाही तिथं जिवाणू खाणार काय? खोडव्यातला (तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसातला) पाला सरीत दाबा. त्यावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट पसरा, ४ किलो कुजवणारे जिवाणू टाका, ओल ठेवा. युरिया इथं उसासाठी नाही, पाला कुजवण्यासाठी आहे, म्हणून हात आखडू नका.

खानापूरच्या तांबड्या, आंबट जमिनीत स्फुरद लोह-ॲल्युमिनियमशी बांधला जातो. तिथं स्फुरदाचे जिवाणू उपयोगी, पण माती तपासून गरज असल्यास चुना आधी. भाताची रोपं लावणीपूर्वी ॲझोस्पिरिलमच्या (हवेतलं नत्र देणाऱ्या जिवाणूंच्या) पाण्यात अर्धा तास ठेवा.

अथणी-कागवाडकडं कृष्णाकाठी क्षार वर येऊन जमीन पांढरी पडली असेल, तर मात्र जिवाणूंवर पैसे घालू नका. आधी चर काढून पाण्याचा निचरा करा.