मुलाला प्रादेशिक विमान कंपनीत को-पायलटची ऑफर आली आहे. तिथले पायलट समाधानी असतात का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) घेऊन वर्षभर निपाणीत घरी बसलाय, आता एटीआर हे पंख्याचं छोटं विमान उडवणाऱ्या एका छोट्या कंपनीचं बोलावणं आलंय, आणि ओळखीतलं कुणी म्हणतं ‘डोळे झाकून पाठवा’, तर कुणी म्हणतं ‘पोरगं अडकेल’. मी येळ्ळूरचा. अशाच एका कंपनीत को-पायलट म्हणून लागलो, आज तिथंच कॅप्टन आहे. कंपनीचं नाव विचारू नका, घर तिच्याच पगारावर चालतं.

आमच्यात या विषयावर आजवर एकमत झालेलं नाही. गेल्या जुलैत तर आमच्याच पडवीत भांडण झालं. पहाटे चारला बेंगळूरात पिकअप, दिवसाचं तिसरं लँडिंग सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, आणि चौथ्यासाठी निघायचं तर भुरभुर पाऊस आणि ढग असे बसलेले की पट्टीचं दुसरं टोक दिसेना. खानापूर-जांबोटीकडचा पाऊस पठारावर सरकला की असंच होतं. वाट बघता बघता आमची ड्युटीची मर्यादा भरत आली आणि उड्डाण दुसऱ्या दिवसावर गेलं. काउंटरवर एक काका ओरडत होते, ‘पायलटला झोप आली म्हणून विमान रद्द, ऐकलंय का कधी?’ मी युनिफॉर्मवर रेनकोट चढवून बाजूनं निसटलो.

माझ्यासोबत त्या दिवशीचा को-पायलट होता, खानापूरकडचा, सव्वीस वर्षांचा. आणि प्रवासी म्हणून बसून आलेले आमचे एक सिनियर कॅप्टन, मूळ गडहिंग्लजकडचे, हवाई दलात एएन-३२ हे मालवाहू विमान उडवून निवृत्त झालेले. दोघांनाही घरी जेवायला घेऊन गेलो. आईनं भाकऱ्या टाकल्या, घरच्या बासमतीचा भात लावला. चिकोडीकडचे माझे मामाही आलेले होते, ऊसवाले.

सुरुवात सरांनी केली. ‘मला तर बाबा हीच नोकरी आवडते. मोठ्या जेटमध्ये दोन-अडीच तास ऑटोपायलटकडं बघत बसायचं. इथं चढलो नाही तोवर उतरायची तयारी. हात चालू राहतो. शिवाय आपले कितीतरी विमानतळ अंधार पडला की बंद, म्हणून रात्री पाठ टेकते.’

यातला शब्द न् शब्द खरा आहे. एटीआर फार तर पंचवीस हजार फुटांपर्यंत जातं, बहुतेक वेळा त्याच्याही खालीच. जेटवाले ढगांच्या वरून जातात, आम्ही त्यांच्यातून किंवा त्यांना वळसा घालून. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कडेनं चार महिने असं उडवलेला पोरगा वाऱ्यापावसाला बिचकत नाही. मोठ्या कंपन्यांत गेलेली आमची पोरं सिम्युलेटरच्या चाचणीत उठून दिसतात, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

पण सरांना पेन्शन आहे, हे को-पायलटनं लगेच ऐकवलं. त्याला समाधान-बिमाधान नको होतं, पंधराशे तास हवे होते. सीपीएल दोनशे तासांवर मिळतं, पण कॅप्टन व्हायला एटीपीएल हे वरचं लायसन्स लागतं आणि त्याला पंधराशे तास. त्याच्या डोक्यात सतत लॉगबुकच. आज चार पूर्णांक दोन तास, उद्या पाच. अमेरिकेत हे गणित उलटं आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये तिथं बफेलोजवळ एका प्रादेशिक कंपनीचं विमान पडलं, विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक असे ५० जण गेले. पायलटांचा थकवा, त्यांचा तुटपुंजा पगार, ड्युटीसाठी देशाच्या दुसऱ्या टोकावरून प्रवास करत येणं, हे सगळं त्या चौकशीत चव्हाट्यावर आलं. त्यानंतर २०१३ पासून तिथं को-पायलटलाही साधारण पंधराशे तास लागतात. म्हणजे तिकडं तास जमवून मग या कंपन्यांत येतात, आपल्याकडं तास जमवायलाच यांच्यात यावं लागतं. तुमच्या मुलाची गरज कंपनीला ठाऊक असते. ऑफरच्या कागदातली निम्मी कलमं त्या गरजेकडं बघूनच लिहिलेली असतात.

माझं म्हणणं दोघांहून वेगळं होतं, आणि अजूनही तेच आहे. आम्हाला विमान थकवत नाही, रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, थकवतं.

पगाराचं उदाहरण घ्या. ठरावीक तासांचे पैसे नक्की, त्यावर जितकं उडाल तितकं. पण तास मोजतात ते विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत. बेंगळूर-बेळगाव सव्वा तासाच्या आसपास. अशी चार उड्डाणं (आमच्या भाषेत सेक्टर) केली तर पाच तास. त्यासाठी ड्युटी मात्र दहा-अकरा तासांची, कारण प्रत्येक ठिकाणी उतरा, माणसं उतरवा, माणसं घ्या, इंधन, कागद, हवामान, आणि एखाद्या ठिकाणी धुक्यात दोन तास बसा. मोठ्या कंपनीतला आमच्याच वयाचा माणूस दोन लांबच्या सेक्टरांत तेवढेच तास भरून हॉटेलवर पोचलेला असतो. लँडिंग वाढली की कमाल ड्युटी कमी करायची, असा नियमात तक्ता आहे, पण आमचे रोस्टरवाले त्या तक्त्याच्या अगदी कडेला नेऊन ठेवतात.

त्यात उन्हाळा. एटीआरला एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज आणि हवा पुरवणारं वेगळं छोटं इंजिन, नसतं. उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून थांबवायचा आणि इंजिन चालू ठेवायचं, त्यातून वीज आणि गार हवा घ्यायची, याला हॉटेल मोड म्हणतात. नावच काय ते हॉटेलचं. इंधन वाचवा असं फर्मान निघालं की तेही बंद. कलबुर्गीला एप्रिलच्या दुपारी वीस मिनिटं त्या काचांमागं बसून बघा. (आई अजून त्याला ‘पंख्याचं विमान’ म्हणते. मी म्हणतो, पंखा आहे पण वारा नाही.)

विश्रांतीचे नियम अलीकडे सुधारलेत, हे मान्य करायला हवं. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली, रात्रीच्या लँडिंगवर बंधनं आली. विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएनं हे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलं, प्रत्यक्ष अंमल २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत सुरू झाला. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणं धडाधड रद्द झाली तेव्हा गावातल्या लोकांनी एफडीटीएल (पायलटांच्या ड्युटी आणि उड्डाणाच्या वेळेची मर्यादा) हा शब्द पहिल्यांदा ऐकला आणि मला फोन करून अर्थ विचारला. आम्हाला रात्रीच्या नियमाचा फारसा उपयोग नाही, रात्री आम्ही उडतोच कमी. पण ते ४८ तास आले आणि मी कितीतरी दिवसांनी सलग दोन सकाळी येळ्ळूरच्या गडाकडं फिरायला गेलो.

तर जेवताना मी बाँडचं सांगत होतो. एटीआरच्या टाइप रेटिंगचा, म्हणजे त्या विमानाच्या खास प्रशिक्षणाचा, खर्च कंपनी करते किंवा केला असं दाखवते, आणि बदल्यात अमुक वर्षं सोडायचं नाही, सोडलं तर इतके लाख भरायचे, असा कागद करून घेते. त्यावर सरकारी नियमानं को-पायलटला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला वर्षाची नोटीस, २०१७ पासून. आधीच सीपीएलचं कर्ज डोक्यावर. माझ्या पहिल्या पगारातून हप्ता गेला की खोलीचं भाडं कसंबसं निघायचं.

मामा भाकरी मोडता मोडता थांबले. म्हणाले, ‘म्हंजे उचल घेतलास की रं!’

को-पायलट हसला, त्याला वाटलं चेष्टा. पण मामा चेष्टा करत नव्हते. ऊसतोडीची टोळी हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेते आणि ती फिटेपर्यंत हलता येत नाही, हे त्यांनी जन्मभर बघितलंय. त्यांनी लागोपाठ विचारलं: उचल किती, दर महिन्याला किती फिटते, मधेच कारखाना बंद पडला तर कुणी कुणाला द्यायचं? तीन प्रश्न. मला तिसऱ्याचं उत्तर माहीत नव्हतं. कॅप्टन होऊन चार वर्षं झाली होती.

आणि तो तिसरा प्रश्न उगाच नाही. उडान या लहान शहरांना जोडणाऱ्या सरकारी योजनेच्या मार्गांवर कंपनीला अनुदान आणि एकटीनं उडायचा हक्क असतो तो तीन वर्षांचा. ती संपली की बरेच मार्ग गुंडाळले जातात. बेळगावचं नाव उडानच्या तिसऱ्या फेरीत आलं तेव्हा इथून एकाएकी कितीतरी शहरांना विमानं सुटायला लागली, सांबऱ्याचं २०१७ चं नवं टर्मिनल माणसांनी भरायला लागलं. ब्रिटिशांनी १९४२ मध्ये युद्धासाठी बांधलेल्या धावपट्टीवरून आपण रोज घरी येणार, या हिशोबानं मी खुळ्यासारखा आईला तारखा सांगितल्या होत्या. पुढं मार्ग कमी झाले. ट्रूजेट कंपनीची एटीआर तर २०२२ मध्ये उडायचीच थांबली. माझा बेस, म्हणजे ड्युटी सुरू होते ते शहर, पाच वर्षांत तीनदा बदलला आणि त्यातला एकही बेळगाव नव्हता. २०२० मध्ये २५ मार्च ते २५ मे सगळी देशांतर्गत विमानं जमिनीवर होती. आमचा पगार आधी कापला, मग बिनपगारी रजा आली. मी वडिलांसोबत भाताच्या तरव्याला लागलो. हप्ता मात्र कुणी माफ करत नाही, बँकेनं मुदत वाढवून दिली आणि व्याजही वाढवलं.

सरांनी शेवटी विचारलं, ‘मग तू गेला का नाहीस?’ बाँड संपलाय, तास भरपूर आहेत, मोठ्या कंपन्यांत जागाही निघतात. मी म्हटलं, तिकडं गेलो तर पुन्हा उजव्या, को-पायलटच्या सीटवर बसायचं, ज्येष्ठतेत तळाशी, आणि रात्रीची ड्युटी. इथं डाव्या सीटवर आहे. पण खरं कारण त्यांना सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. महिन्यातून तीन-चारदा मला सांबरा मिळतं. पूर्वेकडून उतरताना समोर शहर, त्यापलीकडं आमचा गड. कंपनीच्या घोषणेच्या कागदावर ‘बेळगावी’ छापलंय, मी माझ्या मराठी घोषणेत ‘बेळगाव’ म्हणतो, अजून कुणी हरकत घेतलेली नाही. नाइट हॉल्ट असेल तर आईच्या हातचं जेवतो आणि क्रूसाठी कुंद्याचा डबा नेतो. याला समाधान म्हणायचं की सवय, ते मला ठरवता आलेलं नाही. माझ्या बायकोचं मत विचारलंत तर ती म्हणेल, सवय.

तुमचा मुलगा तेवीस-चोविसाचा असेल, कर्ज असेल, लग्न नसेल, तर मी त्याला जाऊ द्या म्हणेन. घरी बसलेल्या सीपीएलला गंज चढतो, आणि लायसन्स चालू ठेवायलाही पैसे लागतात. सुरुवातीची तीन-चार वर्षं तो तासांच्या नादात रोस्टरकडं बघणारही नाही. नंतर बघेल. कंपनीला मात्र त्यानं स्वतः विचारायला हवं: बेस कुठला आणि तो बदलला तर घरभाडं कोण देणार, महिन्याला किती तासांचा पगार नक्की, दिवसाला साधारण किती सेक्टर, टाइप रेटिंग झाल्यावर प्रत्यक्ष उडायला किती महिने लागले ते आधीच्या बॅचच्या पोरांना फोन करून. हा शेवटचा फोन सगळ्यात कामाचा, कारण बाँडचा काळ कुठल्या दिवसापासून मोजतात ते तिथंच कळतं. काही ठिकाणी सही केल्यापासून, काही ठिकाणी पहिल्या उड्डाणापासून, आणि मधे आठ-दहा महिने बिनपगारी जाऊ शकतात.

बाँडची रक्कम दरवर्षी कमी होते का, आणि कंपनीच बंद पडली तर काय, ही दोन कलमं सही करायच्या आधी चिकोडीच्या किंवा बेळगावच्या एखाद्या वकिलाला दाखवा. त्या दिवशी पडवीत आम्ही तिघं पायलट बसलो होतो, एकानंही दाखवली नव्हती.