गुडघ्यामागची लवण आणि टाचेवरची धोंडशीर

व्यायामाच्या एका पुस्तिकेचा मराठी अनुवाद करणाऱ्या वाचकाने तीन गोष्टी विचारल्या आहेत. गुडघ्याच्या मागच्या खोलगट भागाला मराठीत स्वतंत्र शब्द आहे, की ‘गुडघ्यामागचा खड्डा’ असेच लिहायचे? खेळाच्या बातम्यांत हॅमस्ट्रिंगला, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूला, ‘धोंडशीर’ म्हटलेले वाचले, ते बरोबर का? आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंतच्या सबंध भागाला ‘पोटरी’ म्हणता येईल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना आनंद होतो, कारण शब्द आहे आणि फार चांगला आहे: लवण. हा शब्द स्त्रीलिंगी. ‘गुडघ्याची लवण’, ‘लवणीत दुखतं’, ‘लवणीवर फटका बसला’ अशी त्याची चालती रूपे. मीठ या अर्थाचे संस्कृत ‘लवण’ नपुंसकलिंगी, त्याचा याच्याशी संबंध नाही. आपली लवण ‘लवणे’ या क्रियापदाजवळची. फळांनी फांदी लवते, पापणी लवते, माणूस लवून नमस्कार करतो, आणि पाय जिथे लवतो ती लवण. कोपराच्या आतल्या बाजूलाही लवण म्हणतात. जमिनीचा सखल, खाली गेलेला भाग म्हणजेही लवणच.

‘खड्डा’ मला इथे पटत नाही, आणि ही निव्वळ शब्दांची आवड नाही. पाय ताठ सरळ करून उभे राहा आणि गुडघ्यामागे हात लावा. खड्डा लागत नाही, उलट तिथला मऊ भाग किंचित फुगून वर आलेला असतो. आता बसून गुडघा वाकवा. दोन्ही बाजूंच्या दोऱ्या ताणून उभ्या राहतात आणि त्यांच्या मधली जागा आत जाते. म्हणजे ही खोली वाकण्यातून तयार होते. ‘खड्डा’ म्हटले की कायमची पोकळी डोळ्यांसमोर येते. ‘लवण’ म्हटले की वाकण्याची क्रियाच येते. शरीररचनेला धरून असलेला शब्द बोलीत आधीच असताना नवा घडवायचे कारण नाही.

त्या बाजूच्या दोऱ्या नीट चाचपून पाहण्यासारख्या आहेत. बाहेरच्या बाजूला एक ठसठशीत दोरी लागते, ती खाली जाऊन पायाच्या बाहेरच्या बारीक हाडाच्या डोक्याला चिकटते. आतल्या बाजूला दोन असतात. त्यांतली एक सुतळीसारखी सहज हाताला येते, दुसरी तिच्याखाली रुंद पसरलेली. या झाल्या लवणीच्या वरच्या दोन कडा. खालच्या दोन कडा पोटरीच्या स्नायूच्या दोन डोक्यांनी बनतात. अशी ही जागा चौकटच्या पत्त्यावरच्या खुणेच्या आकाराची होते. आत चरबी असते आणि तिच्यातून पायाच्या खालच्या भागाचे सगळे महत्त्वाचे वाहतूकमार्ग जातात: त्वचेच्या सर्वांत जवळ मज्जातंतू, त्याखाली नीला, आणि सर्वांत खोल, हाडाला लागून धमनी. म्हणूनच मनगटावर जशी नाडी चटकन लागते तशी लवणीत लागत नाही. गुडघा थोडा वाकवून, वरचे आवरण सैल करून, बोटे खोल दाबावी लागतात. गुडघ्याला पुढून वाटीचे हाड आहे, मागून मात्र या नाजूक गोष्टींवर कातडी, चरबी आणि एक पातळ मजबूत पडदा एवढेच आच्छादन. सांध्यातले वंगण मागे साठून इथे गाठ येते, तिला विल्यम मोरंट बेकर या ब्रिटिश शल्यविशारदाचे नाव मिळाले. त्याने १८७७ साली तिचे वर्णन केले. रुग्णासाठी लिहिताना ‘लवणीतली गाठ’ म्हटले तर कुठे हात लावून बघायचे ते त्याला लगेच कळेल.

आता हॅमस्ट्रिंग. या शब्दातले ‘हॅम’ म्हणजे जुन्या इंग्रजीत गुडघ्यामागची वाकणारी जागा. डुकराच्या मांडीच्या मांसाला ते नाव नंतर गेले. म्हणजे हॅमस्ट्रिंग शब्दशः ‘लवणीची दोरी’. पुढे त्या दोऱ्या ज्या स्नायूंच्या शेवटी आहेत त्या तिन्ही स्नायूंनाही तेच नाव पडले. हे स्नायू बसताना ज्या हाडांवर आपला भार येतो तिथून निघतात, मांडीच्या मागून उतरतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन रुजतात. गुडघा वाकवणे आणि मांडी मागे नेणे ही त्यांची दोन मुख्य कामे. जोरात धावणाऱ्याला अचानक कळ येते ती बहुधा यांच्यातच.

धोंडशीर ही नव्हे. ती टाचेच्या वर, पायाच्या मागे, दोन बोटांच्या चिमटीत धरता येते अशी जाड दोरी. ‘घोडशीर’ असेही तिला म्हणतात. पोटरीचे स्नायू खाली निमुळते होत होत तिच्यात विलीन होतात आणि ती टाचेच्या हाडाला जाऊन मिळते. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या अशा दोरीला कंडरा म्हणतात, आणि मानवी शरीरातली ही सर्वांत जाड आणि बळकट कंडरा. लांबी साधारण १५ सेंटिमीटर. फ्लेमिश शरीरशास्त्रज्ञ फिलिप व्हेरहेयन याने १६९३ साली तिला ग्रीक वीर अकिलीसच्या नावाने ‘अकिलीसची दोरी’ म्हटले आणि युरोपात ते नाव रूढ झाले. आपल्याला अकिलीसकडे जायची गरज नाही. ‘धोंडशीर’ हा शब्द थेट तिचा धोंड्यासारखा कठीणपणा ऐकवतो. पंजावर उभे राहा आणि तिला हात लावा, शंका उरणार नाही.

मग घोटाळा कुठून येतो? मला वाटते, घोड्यापासून. जुन्या युद्धकथांत शत्रूचे घोडे निकामी करण्यासाठी त्यांच्या मागच्या पायांच्या शिरा तोडल्याचे उल्लेख येतात, आणि इंग्रजी त्या कृतीलाही हॅमस्ट्रिंगच म्हणते. पण घोड्याच्या मागच्या पायाचा जो सांधा ‘उलटा वाकणारा गुडघा’ वाटतो, तो त्याचा घोटा आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. घोडा सदैव बोटाच्या टोकावर चालतो, त्यामुळे टाच अर्ध्या पायावर चढलेली. त्या टाचेवर येणारी जाड दोरी म्हणजे आपल्या धोंडशिरेचीच जोडीदार. तेव्हा घोड्याविषयीच्या मजकुरात ‘धोंडशीर तोडली’ हे रचनेच्या दृष्टीने अगदी बरोबर ठरते. तेच भाषांतर माणसाच्या हॅमस्ट्रिंगला लावले की दुखापत मांडीतून टाचेवर येते. धावपटूबद्दल लिहिताना ‘मांडीच्या मागचा स्नायू’ लिहावे, आणि गुडघ्यापाशी हाताला लागणाऱ्या दोऱ्यांबद्दल लिहायचे तर ‘लवणीच्या शिरा’.

‘शिरा’ म्हणताना थोडे थांबावे लागेल. बोलीत शीर फार उदार आहे: हातावर दिसते ती निळी शीर, कंबरेतून पायात कळ नेते ती शीर, आणि टाचेवरची कंडरा तीही शीरच. पहिली नीला, दुसरी मज्जातंतू, तिसरी कंडरा. ग्रीकमध्येही ‘न्यूरॉन’ हा शब्द मुळात कंडरा, तात या अर्थाचा. मज्जातंतूकडे तो नंतर गेला. हाताला जे दोरीसारखे लागते त्याला एकच नाव, हे स्वाभाविकच आहे. शास्त्रीय मजकुरात मात्र ‘कंडरा’ वापरावा. सुश्रुताने शरीरात १६ कंडरा मोजल्या आणि त्यांतल्या ४ पायांत सांगितल्या. त्याच्या गणनेत ‘स्नायू’ ९०० आणि ‘पेशी’ ५०० आहेत. तिथला स्नायू म्हणजे बांधून ठेवणारा चिवट तंतू आणि पेशी म्हणजे मांसाचा गट्टा, म्हणजे आपण आज ज्याला स्नायू म्हणतो तो. आपल्याकडे स्नायू मांसाचा झाला आणि पेशी सूक्ष्मदर्शकाखाली गेली. जुना ग्रंथ वाचताना हे लक्षात ठेवले नाही तर पानभर मजकूर चुकीचा समजतो.

पोटरीवर मात्र मी मन भरून बोलणार आहे. पोटरीत ‘पोट’ उघड आहे: पायाचे पुढे आलेले, किंवा खरे तर मागे आलेले, पोट. ज्वारी ‘पोटरीत आली’ म्हणतात तेव्हाही हाच फुगवटा असतो, कणीस अजून पानाच्या आवरणात आणि आवरण टम्म. पोटरीच्या वरच्या मोठ्या स्नायूचे शास्त्रीय नाव गॅस्ट्रोक्निमियस. ग्रीकमध्ये ‘गॅस्टर’ म्हणजे पोट आणि ‘क्नीमी’ म्हणजे गुडघ्याखालचा पाय. दोन भाषांनी, एकमेकींना न विचारता, त्याच जागेकडे पाहून तेच नाव ठेवले. संस्कृतने ‘पिंडिका’ म्हटले, मांसाचा गोळा. हिंदीतली पिंडली तिच्याच घरातली. आणि रात्री झोपेत ‘पोटरीत गोळा येतो’ तेव्हा मराठीही गोळाच पाहते. कोणी ‘पेटके आले’ म्हणतात, कोणी ‘वांब आला’. चरकसंहितेतल्या ८० वातविकारांच्या यादीत यालाच ‘पिंडिकोद्वेष्टन’ म्हटले आहे, म्हणजे पोटरीला पीळ पडणे. ती यादी पायाच्या नखापासून सुरू होऊन वर चढते: घोटा, मग पोटरी, मग गुडघा, मग मांडी. पोटरीत गॅस्ट्रोक्निमियसच्या खाली आणखी एक चपटा स्नायू असतो, सोलियस. उभे राहणे आणि चालणे मोठ्या प्रमाणात त्याच्या जिवावर, आणि तो आवळला की पायातले रक्त वर ढकलले जाते, म्हणून बैठ्या लांब प्रवासात पंजे हलवत राहायला सांगतात.

तेव्हा पोटरी म्हणजे फक्त मागचा मांसल भाग. पुढे हाताला थेट हाड लागते ती नडगी. टेबलाच्या कडेला आपटते आणि डोळ्यांत पाणी येते ती. तिथे हाडावर मांसच नाही. त्या हाडाचे लॅटिन नाव ‘टिबिया’, त्याचा अर्थ नळी, बासरी. आपणही ‘पायाची नळी’ म्हणतो. ‘नडगीला मार लागला’च्या जागी ‘पोटरीला मार लागला’ लिहिले तर डॉक्टर पायाच्या दुसऱ्या बाजूला बघेल.

या दोन्हींना कवेत घेणारा शब्द संस्कृतात होता: जंघा. सुश्रुत जानुमर्माची, म्हणजे गुडघ्याच्या नाजूक मर्मस्थानाची, जागा सांगताना जंघा आणि ऊरू यांचा सांधा म्हणजे जानू असे स्पष्ट म्हणतो, आणि पाऊल व जंघा यांच्या सांध्याला गुल्फ म्हणतो. याहून नेमकी सीमा कोण सांगणार? गुडघ्याच्या वर ऊरू, खाली जंघा. वेगाने धावणाऱ्याला ‘जंघाल’ म्हणत. पण लोकांच्या तोंडी हा शब्द पायावरून वर चढत गेला. हिंदीत जाँघ म्हणजे मांडी, मराठीत जांघ आणखी वर, मांडी आणि ओटीपोट जिथे मिळतात तिथे. शरीररचनेच्या मराठी परिभाषेने मात्र जुना अर्थ धरून ठेवला आहे, त्यामुळे तिथे ‘जंघास्थी’ म्हणजे गुडघ्याखालचे हाड. वैद्यकाच्या विद्यार्थ्यासाठी लिहिताना ते योग्यच आहे. पण व्यायामाच्या पुस्तिकेत ‘जंघेला पट्टा बांधा’ लिहिले तर दहांतले नऊ जण तो मांडीला बांधतील. तिथे सरळ ‘गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा पाय’ लिहावे. चार अक्षरे जास्त खर्च झाली तरी पट्टा जागेवर बसेल.