ग्रीक-लॅटिनचे कृष्णवर्णीय पंडित: होते, आणि चांगले नावाजलेले होते

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत ग्रीक-लॅटिनच्या अभ्यासात कृष्णवर्णीय विद्वान कधी होते का, कारण शोधूनही एक नाव हाती लागलं नाही. होते. आणि एखाददुसरे नव्हे.

पहिलं नाव घ्यायचं ते विल्यम सँडर्स स्कारबरो यांचं. जन्म १८५२, जॉर्जियातल्या मेकन गावी. आई गुलाम, म्हणून कायद्याने मूलही गुलाम. गुलामाला लिहा-वाचायला शिकवणं तिथे गुन्हा होता, त्यामुळे हा मुलगा अक्षरं शिकला ती चोरून. गुलामगिरी संपल्यावर तो अटलांटात शिकला, मग ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजातून १८७५ साली पदवी घेतली आणि ओहायोतल्याच, कृष्णवर्णीयांसाठीच्या विल्बरफोर्स विद्यापीठात प्राध्यापक झाला. १८८१ साली न्यूयॉर्कहून त्यांचं ग्रीकचं पाठ्यपुस्तक निघालं. व्याकरणाचे धडे गिरवून झाले की विद्यार्थ्याला झेनोफन हा प्राचीन ग्रीक लेखक वाचता यावा, अशी त्याची रचना.

हे पुस्तक नुसतं शाळेपुरतं नव्हतं. गुलामगिरीचा कट्टर समर्थक सिनेटर जॉन कॅल्हून म्हणाला होता की ग्रीक वाक्यरचना जाणणारा निग्रो सापडला तरच तो माणूस आहे असं मी मानेन. हे बोलणं अलेक्झांडर क्रमेल यांनी नोंदवून ठेवलंय. ते स्वतः कृष्णवर्णीय आणि केंब्रिजचे पदवीधर. म्हणजे भाषा येणं ही माणूसपणाची परीक्षा ठरवायची आणि त्या भाषेचं दारही बंद ठेवायचं. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारलं गेलं आणि फारसी घ्यावी लागली, हे ज्याला ठाऊक आहे त्या मराठी वाचकाला यातली मेख वेगळी समजावून सांगायला नको.

स्कारबरो १८८२ साली अमेरिकन फिलॉलॉजिकल असोसिएशन या ग्रीक-लॅटिनच्या अभ्यासकांच्या संस्थेचे सभासद झाले आणि पुढे वर्षानुवर्षं तिथे निबंध वाचत राहिले. तरी १९०९ साली बाल्टिमोरच्या अधिवेशनात काय झालं पाहा. कृष्णवर्णीय माणूस पंगतीला असेल तर जेवण देणार नाही, असं हॉटेलने सांगितलं. स्कारबरो गेले नाहीत. त्या वेळी ते विल्बरफोर्स विद्यापीठाचे अध्यक्ष होते! हा पंक्तिभेद वाचून मला आजही संताप येतो.

बाकीच्यांचीही नावं लिहून ठेवा. रिचर्ड ग्रीनर हे हार्वर्ड कॉलेजचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर (१८७०). जॉन वेस्ली गिल्बर्ट १८९०-९१ मध्ये अथेन्सच्या अमेरिकन स्कूलमध्ये शिकले आणि एरेट्रिया या प्राचीन ग्रीक शहराच्या उत्खननात होते. गुलामगिरीत जन्मलेल्या ॲना ज्युलिया कूपर यांनी वॉशिंग्टनच्या शाळेत लॅटिन शिकवलं आणि साठी उलटल्यावर, १९२५ साली, पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. हेलन चेस्नट क्लीव्हलँडमध्ये लॅटिन शिकवायच्या. पुढे कवी म्हणून गाजलेला लँग्स्टन ह्यूज त्यांचा विद्यार्थी.

मग ही माणसं विसरली कशी गेली? माझ्या मते ती दोन्हीकडून निसटली. ग्रीक-लॅटिनचा इतिहास लिहिणाऱ्यांना ती तिथे असतील असं वाटलंच नाही, म्हणून कोणी पाहिलं नाही. आणि कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाबद्दल लिहिणाऱ्यांचं लक्ष कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या हातकामाच्या शिक्षणाकडे, शेती-सुतारकामाकडे जास्त राहिलं. कागदपत्रं मात्र कुठे गेली नव्हती. स्कारबरो यांचं नाव सभासदांच्या याद्यांत छापलेलंच होतं.

हा विसरलेला इतिहास बाहेर काढण्याचं सर्वांत मोठं श्रेय डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातल्या मिशेल व्हॅलरी रॉनिक यांना जातं. स्कारबरो वारले १९२६ साली. त्यांचं आत्मचरित्र रॉनिक यांनी संपादित करून २००५ साली छापून आणलं. या विद्वानांच्या छायाचित्रांचं प्रदर्शनही त्यांनी अनेक ठिकाणी फिरवलं. फोटोंतले ते करारी चेहरे बघितले की 'असं कोणी नव्हतंच' म्हणायची सोय उरत नाही.

तुम्ही सुरुवात त्या आत्मचरित्रापासून करा. ग्रीक येत नसलं तरी अडत नाही. पुढे प्राचीन जगातल्या आफ्रिकी लोकांबद्दल वाचायचं असेल तर वॉशिंग्टनमधल्या, कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या हॉवर्ड विद्यापीठाचे फ्रँक स्नोडेन यांचं १९७० सालचं संशोधन घ्या. त्याच हॉवर्डने २०२१ मध्ये आपला ग्रीक-लॅटिनचा स्वतंत्र विभाग बंद करायचा निर्णय जाहीर केला, तेव्हा हे वाचन लांबणीवर टाकू नका.